आबाजी दारात बसले होते

चौबे कॉलोनी, रायपूर
१९ जानेवारी २०२५

संग्राम,

आई शुक्रवारी तुला भेटून आली. सांगत होती, तू आबाजींचा फोटो मागितलास. फोटो मी देणार नाही. ज्याला खांदा देता आला नाही त्यानं फोटो उशाशी ठेवून झोपावं, हे मला बघवणार नाही. आईला मी हेच बोलले. ती भांडी घासायला लागली, म्हणजे मुद्दाम आपटायला लागली.

पण रात्रभर ते डोक्यात राहिलं. शेवटी ते तुझेही आबाजी होते. फोटो नाही, पण आठवणी देते. लिहून देते.

बाबा म्हणतात, साक्षीदारानं आरोपीला पत्र लिहू नये, वकील रागावतील. आणि जेलमध्ये पत्रं उघडून वाचतात. वाचू देत. तुझं नाव मीच पोलिसांना सांगितलं, हे काही कोणापासून लपलेलं नाही. तुझ्यापासून तर नाहीच.

मी मराठीतच लिहीन. तू हिंदीत उत्तर दे, नेहमीसारखं. देणार असशील तर.

आबाजींचा डावा हात आठवतो? दोन बोटं नव्हती. आपल्याला सांगायचे, बूढ़ा तालाबातल्या मगरीनं खाल्ली. तू किती वर्षं त्या तलावाजवळून जाताना माझ्या ओढणीत तोंड लपवायचास! मी सातवीत असताना खरं सांगितलं. मालधक्क्यावर डबे जोडताना हात दोन बफरांच्या मध्ये गेला. बोटं खाली गिट्टीत पडली. त्यांनी ती उजव्या हातानं उचलली, रुमालात बांधली आणि चालत रेल्वेच्या दवाखान्यात गेले. "रडले नाही तुम्ही?" मी विचारलं. म्हणाले, "रडाले वेळ कोनाले होता यामू? मागून दुसरी गाडी येऊन राहिली होती."

मला वाटायचं, जगात आपल्या आबाजींएवढं शूर कोणी नाही. अजून वाटतं.

यामिनी

९ फेब्रुवारी २०२५

संग्राम,

आईकडून तुझा निरोप मिळाला. "दीदी को बोल, ये सब काहे लिख रही है। कोर्ट में ईंट बोल देगी ना, बस।"

म्हणजे घरात जे ठरलंय ते तुझ्यापर्यंत पोचलंय. गर्दीतून वीट आली, कोणी मारली ते दिसलं नाही. असं मी म्हणायचं. तुझा वकील बाबांना सांगून गेला की घरातलीच साक्षीदार पलटली तर केसमध्ये काही उरत नाही. तुझ्यासोबतचे तिघेही सुटतील.

यावर मी आज काही लिहीत नाही. आज पोळ्याचं लिहिते.

आबाजींच्या गुढ़ियारीच्या बाजारात पोळ्याआधी मातीचे बैल यायचे. मुलांना बैल आणि मुलींना मातीची चूल-भांडी, अशी तिथली रीत. तू पाच वर्षांचा असशील, मी नऊ. मी तिथेच रस्त्यावर बसले, मला बैलच हवा. आबाजी त्या कुंभारणीला म्हणाले, "बाई, या पोट्टीले सगळ्यात मोठा दे." तुझ्या बैलाहून मोठा बैल मला मिळाला. घरी आल्यावर तू तो ओट्यावर आपटलास. एकदा आपटून फुटला नाही म्हणून परत आपटलास.

मी धावत गेले आबाजींकडे. ते हसले. तुला कडेवर उचललं आणि म्हणाले, "वाघ हाये माहा नातू, वाघ!"

मग माझे डोळे पुसले, परातीतली कणीक घेतली आणि त्या तीन बोटांच्या हातानं मला कणकेचा बैल करून दिला. शिंगं, वशिंड, सगळं. माझा राग तिथेच गेला. त्यांचं प्रेम असं होतं, दोघांनाही पुरायचं. फुटलेला बैल कोणी उचलला ते मात्र मला आठवत नाही. तुला कोणी उचलायला लावला नाही, एवढं नक्की.

दुसरी आठवण. मी नववीत होते. एक माणूस स्कूटरवर रोज माझ्या मागे यायचा, एकदा त्यानं हात लावला. मी आईला सांगितलं नाही, आबाजींना सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते मला सायकलवर बसवून शाळेकडे निघाले, चहाच्या ठेल्यापाशी थांबले. तू पुढच्या दांड्यावर होतास. स्कूटर आली. आबाजींनी त्या माणसाची कॉलर धरून त्याला खाली ओढला आणि खिशातून आणलेल्या सायकलच्या चेननं मारायला सुरुवात केली. तो हात जोडत होता. कपाळातून रक्त येऊन त्याच्या एका डोळ्यात गेलं होतं. लोक मध्ये पडेपर्यंत आबाजी थांबले नाहीत. मी तिथे उभी होते आणि मला फार, फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

तू टाळ्या वाजवत होतास. संध्याकाळी त्यांनी आपल्या दोघांना ठेल्यावर नेऊन गुपचुप, म्हणजे पाणीपुरी, खाऊ घातले. त्याच आठवड्यापासून त्यांनी तुला रोज सकाळी रेल्वे लाईनजवळच्या मैदानात लाठी शिकवायला घेतली. पाऱ्यातली, म्हणजे त्या मोहल्ल्यातली, बाकीची पोरंही यायला लागली.

यामिनी

२ मार्च २०२५

संग्राम,

तुझा वकील काल परत आला होता. मला म्हणाला, "बेटी, एक बार फिर सोच लो, उस दिन आपने देखा क्या था।" मी म्हटलं, सोचते. आज दिवसभर तेच केलं. तुला वाचायचं नसेल तर इथेच थांब.

गेल्या एप्रिलचा रविवार. आपण सगळे गुढ़ियारीला जेवायला गेलो होतो, दर रविवारसारखे. आबाजी चौबे कॉलोनीत राहायला यायचे नाहीत, म्हणून आपणच जायचो. आईनं पाटोडी केली होती. जेवून तू पानठेल्यावर तुझ्या दोस्तांकडे गेलास. आई-बाबा आतल्या खोलीत कूलरसमोर आडवे झाले. आबाजी दारात बनियनवर खुर्ची टाकून बसले होते, मी मागे जमिनीवर.

त्या आठवड्यात सगळ्यांच्या मोबाइलवर तो व्हिडिओ फिरत होता, पोरं पळवणाऱ्या टोळीचा. तो कुठला, कधीचा, कोणालाच माहीत नव्हतं. तूही मला पाठवला होतास.

पाऱ्यात केसांवर भांडी देणारी बाई आली होती. बायकांनी विंचरून साठवलेले केस ती घ्यायची आणि वाटी, चमचा द्यायची. तिनं एका रडणाऱ्या पोराच्या हातात खेळायला वाटी दिली. एवढंच झालं होतं. मग कोणीतरी ओरडलं.

मी आवाज ऐकून उठले तेव्हा तू तिला वेणीला धरून ओढत आणत होतास. तिची थैली फाटली होती. केसांचे पुंजके गल्लीभर उडत होते. ती तुझ्या मनगटाला चावली, सुटली आणि जे दार उघडं दिसलं त्यात शिरली. ते आपलं दार होतं.

आबाजींनी तिला आत ढकललं. तिच्याशी ते छत्तीसगढीत बोलले, "झन डर्रा बेटी," घाबरू नको. मग मला म्हणाले, "यामू, हिले धरून बस." आणि खुर्ची बाजूला सारून ते उंबऱ्यावर बसले. भिंतीला त्यांची लाठी टेकलेली होती. मी ती त्यांच्या हातात द्यायला गेले. त्यांनी घेतली नाही. म्हणाले, "आपल्याच पोट्ट्यांवर उचलू का?"

तुम्ही बरेच जण होता. हातातल्या लाठ्या त्यांनीच तुम्हाला आणून दिलेल्या. ते एकेकाचं नाव घेऊन बोलत होते. "काहून रे, उन्हातान्हात काय लावलं? घरी जा." पोरं जरा मागे सरली होती, संग्राम. मी पाहिलं. दोघं-तिघं तर वळलेही होते.

तू पुढे आलास. "आबाजी, हटो। बच्चा चोर है वो।"

"कोनाचं पोट्टं चोरलं? आन बरं त्याले माह्यासमोर."

"आप हटो ना!"

ते उठले, आणि त्यांनी तुला थोबाडीत मारली. सगळ्यांसमोर. "बाईमानसाच्या केसाले हात घालतं? हे शिकवलं मी तुले?"

मागे कोणीतरी हसलं.

तुझा चेहरा मी तेव्हा पाहिला. तुला आयुष्यात कधी कोणी मारलं नव्हतं. आबाजींनी तर कधीच नाही. तुझे कान लाल झाले आणि तू लाठी फिरवलीस. ती त्यांच्या डोक्यावर बसली. कोरडा आवाज आला. ते गुडघ्यावर आले आणि त्यांनी तुझ्याकडे मान वर करून पाहिलं. हात वर केला नाही. नुसतं पाहिलं.

आणि तू परत मारलंस.

पहिला वार मी समजू शकते. खरंच. रागात, लाजेत, हात सुटतो माणसाचा. पण दुसऱ्याच्या आधी तुला वेळ होता. ते तुझ्याकडे बघत होते तेवढा वेळ.

मग बाकीचे त्यांच्या अंगावरून आत आले. एकाचा पाय त्यांच्या छातीवर पडला. बाईला माझ्या हातातून ओढून नेलं, माझी नखं तिच्या दंडात रुतली होती. ओट्यावर तिला काठ्यांनी, लाथांनी मारलं. तिचा जबडा मोडल्याचं मला ऐकू आलं. आई-बाबा बाहेर आले तेव्हा आबाजींचं बनियन लाल झालं होतं आणि त्या रक्ताला ते केस चिकटले होते, कोणाकोणाचे, काळे, पांढरे, मेंदी लावलेले. मी ते एकेक वेचत बसले होते. मला दुसरं काही सुचत नव्हतं.

तू तेव्हा पळालेला होतास.

यामिनी

१८ मार्च २०२५

संग्राम,

उद्या माझी साक्ष आहे.

आज संध्याकाळी बाबांनी मला समोर बसवलं. बाबा कसे बोलतात तुला माहीत आहे, ऑफिसात फाइल पुढे सरकवावी तसे. म्हणाले, "एक गेला. दुसरा तरी राहू दे." आईनं माझे पाय धरले. आपल्या आईनं. मी पाय ओढून घेतले तेव्हा तिच्या बांगड्या फरशीवर वाजल्या.

मग ती म्हणाली, "आबाजी असते तर काय म्हटले असते, सांग मले! तुह्यावर एवढा जीव होता त्यांचा. त्यांना चाललं असतं हे?"

त्याचं उत्तर माझ्याजवळ आहे. आजवर कोणाला दिलं नाही. तुला देते.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी ते शुद्धीवर आले होते. खोलीत मी एकटी होते. चेहरा सुजून ओळखू येत नव्हता, एक डोळा बंद. मला म्हणाले, "पोट्टा कुठं हाये?" मी म्हटलं, माहीत नाही. म्हणाले, "जेवला असन का?"

मग माझं मनगट धरलं. "यामू, माह्या संग्र्याचं नाव नको घेऊ. पडलो म्हन. उंबऱ्यावरून पडलो."

मी पोलिसांना तुझं नाव आधीच सांगितलेलं होतं. पहिल्याच संध्याकाळी, दवाखान्याच्या पायऱ्यांवर, अंगावर तेच कपडे असताना. मी आबाजींना म्हटलं, "नाही घेणार." त्यांनी डोळा मिटला. त्यानंतर ते बोलले नाहीत.

तर अशी त्यांची इच्छा. आईला हे सांगितलं तर ती उद्या मला घराबाहेर पडू देणार नाही.

आता तू विचारशील, मग? एवढं प्रेम करतेस त्यांच्यावर, मग ऐकत का नाहीस?

तू आठवीत असताना वर्गातल्या एका मुलाचे पुढचे दात पाडले होतेस, बेंचवर त्याचं तोंड आपटून. आबाजी शाळेत गेले आणि मुख्याध्यापकांना म्हणाले, पोट्टा पडला. त्या मुलाच्या आईला त्यांनी गप्प केलं, कसं ते मला माहीत नाही. घरी येताना तुझ्यासाठी जलेबी आणली. मीही खाल्ली. आबाजींनी आपल्याला जीव लावला, संग्राम, पण तू जे जे फोडलंस ते प्रत्येक वेळी त्यांनी पोटात घातलं. शेवटी स्वतःचं डोकं फुटलं तेही. त्यांच्यासारखं मला करता येणार नाही.

आणि ती बाई. तिचं नाव इंदू. मी तिला भेटायला गेले होते, मागच्या महिन्यात. ती भाटापाऱ्याकडची आहे. जबडा वाकडा बसलाय, एका डोळ्यानं दिसत नाही, भात मऊ करून गिळते. आता ती कुठल्याच गावात केस घ्यायला जात नाही. मला म्हणाली, "बबा मोला बचाइस." म्हणजे आजोबांनी मला वाचवलं, आबाजींना ती बबा म्हणते. मला बघून तिच्या पोरीनं दार लावून घेतलं होतं, तिनं उघडायला लावलं. मी जर उद्या वीट म्हटलं, तर तिला कोणी मारलंच नाही असं होईल. आबाजी मेले ते मग कशासाठी?

उद्या मी खरं सांगणार. तुला आधी सांगितलं, एवढंच.

यामिनी

२१ मार्च २०२५

संग्राम,

तू तिथे होतास, सगळं पाहिलंस. तरी लिहिते, कारण तू मान खाली घालून होतास आणि मला वाटतं अर्धं तू पाहिलं नाहीस.

सरकारी वकिलानं विचारलं तेव्हा मी सांगितलं. दोन्ही वार सांगितले. तुझा वकील उठला आणि त्यानं तासभर मला सोलून काढलं. भावाशी भांडण होतं का, आजोबा त्याला लाडका नातू मानत होते म्हणून जळत होतीस का. मग म्हणाला, "मरने से पहले दादाजी ने आपसे कुछ कहा था? किसी का नाम लिया था?"

त्याला वाटलं असेल, मी नाही म्हणेन. मी शपथ घेतली होती. मी आबाजींचे शब्द जसेच्या तसे मराठीत म्हटले, मग जजसाहेबांसाठी हिंदीत सांगितले. मागच्या बाकावर आई बसली होती. तिच्या तोंडून आवाज निघाला, जनावराच्या तोंडून निघतो तसा. बाबा तिला बाहेर घेऊन गेले. तुझ्या वकिलानं कागद आवरले आणि पुढे काही विचारलं नाही.

जेवणाच्या सुट्टीनंतर इंदू आली. आरोपींच्या पिंजऱ्याजवळ जाऊन ओळखायला सांगितलं तिला. एका डोळ्यानं नीट दिसत नाही म्हणून ती अगदी जवळ जाऊन एकेकाचा चेहरा बघत होती. तुझ्या दोस्तांसमोर थांबली, पुढे सरकली. तुझ्यासमोर आली आणि थांबून राहिली. तिला खात्री वाटत नव्हती. तू दाढी वाढवलीस, वाळलास. वकील तयारच होता, ती गोंधळली असं म्हणायला.

तेव्हा तू मान वर केलीस आणि तिच्याच बोलीत तिला म्हणालास, "हव, मैं रहेंव." हो, मीच होतो.

कोर्टात एकदम गोंधळ झाला. तुझा वकील तुझ्यावर ओरडला, जजसाहेबांनी तुला चूप बसायला सांगितलं, तुझ्या दोस्तांपैकी एकानं तुला शिवी दिली. बाहेर बाबा भिंतीला धरून उभे होते. मला म्हणाले, "तो स्वतःच बोलला?" मी हो म्हटलं. ते तिथेच खाली बसले.

तुला वाटत असेल, तू काहीतरी मोठं केलंस. मलाही क्षणभर तसंच वाटलं.

पण तू तोंड उघडलंस तेव्हा तिनं काय केलं, ते लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. तू जाळीच्या आत होतास, दोन शिपाई तुझ्या बाजूला होते, तुझे हात मोकळेही नव्हते. आणि तू नुसता बोललास तर ती बाई किंचाळून मागे पडली. खाली पडल्यावर तिनं दोन्ही हातांनी आपलं डोकं झाकलं, केस मुठीत धरले आणि अंगाचं मुटकुळं करून पडून राहिली, कोणीतरी आता मारणार म्हणून. तिला उठवायला दोन बायका लागल्या. भीतीनं तिचे कपडे ओले झाले होते.

ते तू पाहिलंस. तेवढं मात्र तू पाहिलंस. मी तुझ्याकडेच बघत होते.

आई माझ्याशी बोलत नाही. पुढच्या शुक्रवारी तिच्याऐवजी मी येते. काय बोलायचं ते मी ठरवलेलं नाही, तूही ठरवून ठेवू नकोस.

यामिनी